दूध पुरतंय का?

प्रश्न: बाळ 11 दिवसांचं आहे. सारखं रडतं, म्हणून सासूबाई वरचं दूध द्यायला सांगतात. माझं दूध कमी पडतंय का? – एक आई, डिचोली

उत्तर: अगं, रडणं नको, लंगोट मोज. दिवसरात्रीत 6 तरी चांगले ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. या वयात 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजावं लागतंच. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ दे, हनुवटी स्तनाला टेकू दे. माझ्या पहिल्या वेळी हे कुणी दाखवलंच नाही. चिरा पडल्या, पुढ्यातली पेज निवायची आणि मी रडत बसायची. लंगोट कमी भिजले किंवा बाळ सुस्तावलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. सासूबाईंनाही सोबत ने.