पीसीओएस आहे आणि थायरॉईडचीही शंका येतेय? आधी तपासणी नीट करून घ्या

तुम्ही लिहिलंय की पीसीओएसचं (अंडाशयांशी जोडलेला हार्मोनचा बिघाड) निदान होऊन काही वर्षं झाली, पाळी हार्मोनच्या गोळ्यांवर येते, आणि आता वेगळंच काही सुरू झालंय: पंख्याखाली बसवत नाही, पोट साफ होत नाही, दुपारी डोळे मिटायला लागतात, केस मुठीने गळतात. डॉक्टरांना सांगितलं तर 'सगळं पीसीओएसमुळेच, वजन कमी करा' एवढंच उत्तर मिळालं. मला दोन्ही आहे. पीसीओएस कॉलेजात असल्यापासून, थायरॉईड नंतर मागे लागला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची शंका अगदी रास्त आहे. पीसीओएस ठरवायचे 2003 सालचे रॉटरडॅम निकष आजही पायाभूत मानले जातात. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणाऱ्या पुष्कळ बारीक पुटिका, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. पण त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) यांची गडबड नाही ना, हे रक्त तपासून बघायचं असतं. तेव्हा जुनी फाईल काढा आणि निदानाच्या वेळी टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन; थायरॉईड मंदावला की ते वाढतं) केला होता का ते शोधा. नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर 'पीसीओडी' (पीसीओएसलाच सर्रास म्हणतात ते नाव) लिहून घरी पाठवलेल्या कितीतरी मुली मी पाहिल्यात, आणि दर वेळी जीव तुटतो. टीएसएच केलेला असेल आणि तेव्हा नॉर्मल असेल, तरी तो आजचा पुरावा नव्हे. हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच थायरॉईडवर हल्ला करायचा आजार, हळूहळू वाढतो आणि पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो.

लक्षणांवरून ओळखायचं म्हटलं तर थोडाफार अंदाज येतो. हनुवटीवरचे राठ केस, न जाणारे पिंपल्स, मानेवरचा काळेपणा हे पीसीओएसकडे बोट दाखवतात. थंडी न सोसणं, बद्धकोष्ठता, घोगरा आवाज, सकाळी उठल्यावर सुजलेला चेहरा, मंद नाडी हे थायरॉईडकडे. केसांचंही बघा: पीसीओएसमध्ये बहुधा भांग रुंद होत जातो, थायरॉईडमध्ये सगळ्या डोक्यावरचे केस विरळ होतात. थकवा, वजन, उदासी आणि पाळीचा घोळ मात्र दोन्हीकडे. शिवाय थायरॉईड मंदावला की प्रोलॅक्टिन वाढू शकतं, आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी होऊन मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणजे असलेला पीसीओएस आणखी चिघळतो. म्हणून अंदाजावर न राहता रक्त द्या.

आणि इथेच घोळ होतात. लॅबमध्ये नुसतं 'थायरॉईड प्रोफाइल' सांगितलं तर बहुतेक ठिकाणी टोटल टी3, टोटल टी4 (ही थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स) आणि टीएसएच करतात. तुमच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल, तर टोटल टी4 उगाच वाढलेला दिसतो, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिनच वाढतं. तुम्हाला टीएसएच आणि फ्री टी4 (प्रथिनाला न बांधलेला, मोकळा टी4) हवाय, आणि एकदा तरी अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या.

दुसरी गोष्ट बायोटिन. केस गळतात म्हणून आपण सगळ्याच कधी ना कधी त्या गोळ्या किंवा गमीज घेतो. डबी फिरवून मागचं लेबल वाचा. 10000 एमसीजी लिहिलेलं असलं, तर ते रोजच्या गरजेच्या कित्येक पट आहे. काही लॅबच्या मशीनमध्ये या बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी4 खोटा जास्त येतो, म्हणजे खरा मंद थायरॉईड झाकला जातो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते बंद करा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं, तेही बघा.

रक्त सकाळी लवकर, उपाशीपोटी द्या. दुपारपर्यंत आणि खाल्ल्यावर टीएसएच खाली येतो, त्यामुळे काठावरची केस नॉर्मल वाटू शकते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि डी व्हिटॅमिन त्याच वेळी करून घेतलंत तर बरं, कारण थकवा आणि केस यांचं कारण तिथेही सापडतं.

रिपोर्ट आला की टीएसएचची रेंज बघा, साधारण 0.4 ते 4.5 असते. किंचित जास्त आणि फ्री टी4 नॉर्मल असेल तर घाबरू नका. सहसा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, आणि कित्येकींचा आपोआप खाली येतो. 10 च्या वर राहिला तर बहुतेक डॉक्टर थायरॉईडची गोळी सुरू करतातच. मधल्या पट्ट्यात वय, अँटीबॉडी, लक्षणं आणि मूल हवंय का, यावर ठरतं. हा निर्णय एंडोक्रायनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) न्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

गोळी लागलीच तर ती सकाळी उठल्याबरोबर फक्त पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवा. डोस बदलला की सहा ते आठ आठवडे थांबून मगच टीएसएच करा, आधी केलेला दिशाभूल करतो. थायरॉईड आहे म्हणून कोबी-फ्लॉवर सोडायची गरज नाही. आयोडीनयुक्त मीठ बंद करून सगळा स्वयंपाक सैंधवात करण्याची जी टूम आलीय, तिच्या नादी मात्र लागू नका, कारण सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं.

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. मंद थायरॉईडमुळे वाढणारं वजन बहुधा दोन ते साडेचार किलो असतं, आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा. गोळीने थंडी, पोट, झोपाळूपणा सुधारतो, मला तरी स्पष्ट जाणवलं. पीसीओएसमधला इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं) मात्र तिथेच राहतो, त्यासाठीचं चालणं आणि आहार सुरूच ठेवावा लागतो.

मुलाचा विचार असेल तर ही तपासणी पुढे ढकलूच नका, आणि डॉक्टरांना तसं आधी सांगा, कारण टीएसएच कुठवर चालेल याचं गणितच बदलतं. पाळी लांबणं आपल्याला सवयीचं असतं, म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. थायरॉईडची गोळी सुरू असताना पाळी चुकली तर घरी टेस्ट करा. पॉझिटिव्ह आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुतेकींना पहिल्या काही आठवड्यांतच डोस वाढवावा लागतो.