पिकअप घ्यायचीय? आधी तिच्यात काय भरत होते ते विचारा

या वेळी सगळे प्रश्न छोट्या पिकअपचेच घेतलेत. पत्रं वेगवेगळी आहेत पण फिरून फिरून तेच विचारतायत, की गाडी टिकते का आणि दिलेले पैसे वसूल होतात का. सारखी पत्रं एकत्र केलीत, ज्यांचं नाव घेतलं नाही त्यांनी रागावू नका.

प्रश्न : बरेच दिवस झाले सेकंडहॅण्ड डबल कॅब (सीटच्या दोन रांगांची) पिकअप बघतोय. ओळखीतल्या दोघांकडे सेम मॉडेल आहे, सेम इंजिन, सालही एकच. एक म्हणतो दोन लाख किलोमीटर झाले, ऑइल-फिल्टर सोडून गाडीला हात लावला नाही. दुसरा म्हणतो लाखाच्या आत क्लच गेला, पाटे (मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसले, मागचं बेअरिंग ओरडायला लागलं, परत या गाडीचं नाव काढू नका. यातलं खरं कोण बोलतंय?

दोघंही खरंच बोलतायत, फक्त तुम्ही त्यांना एक गोष्ट विचारली नाहीत, की हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, काय जायचं. कारचा अनुभव विचारताना कोण कसा चालवतो एवढं कळलं तरी भागतं, पिकअपमध्ये मात्र रिकामी फिरणारी गाडी आणि रोज भरून जाणारी गाडी या दोन वेगळ्याच गाड्या असतात, नावाची पट्टी एक असली म्हणून काय झालं.

आता जरा हिशोब करू. समजा गाडीचं भरल्यानंतरचं कमाल वजन २८५० किलो आहे आणि रिकामी गाडी १९५० किलोची. म्हणजे माल ९०० किलो, असं आपण धरतो आणि तिथेच फसतो, कारण या ९०० मध्ये माणसंसुद्धा येतात. पाच जण बसले की साडेतीनशे गेले, हौद्यावर कॅनॉपी म्हणजे झाकण, पुढे लोखंडी बंपर, मागे हुक असलं काही लावलं असेल तर अजून शंभरेक गेले, उरले साडेचारशे. आणि लोक काय करतात, हौदा दिसतो तेवढा भरतात. दीड मीटर लांब, एक पूर्णांक चार मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल हौदा धरा, तो कोरड्या वाळूने काठोकाठ भरला तर वजन सोळाशे किलोच्या वर जातं. ओली असेल तर विचारूच नका. गाडी चालू होते, पुढेही जाते, म्हणून वाटतं झेपतंय. झेपत नसतं, फक्त बिल उशिरा येतं.

तर सेकंडहॅण्ड बघताना मालकाचं ऐका पण डोळे गाडीच्या खाली ठेवा. गाडी रिकामी असून पाटे सपाट किंवा उलटे वाकलेले दिसतायत का, पाटे वर आदळू नयेत म्हणून लावलेले रबरी बंप स्टॉप चेपून फाटलेत का, पाट्याच्या संचात एखादाच पाटा नवा कोरा आहे का. मग बाजूला उभं राहून केबिन आणि हौद्यामधली फट बघा, ती वरपासून खालपर्यंत सारखी असायला हवी. वर जास्त आणि खाली कमी असेल तर चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मागे वाकलेली असू शकते, डबल कॅबमध्ये हे जास्त होतं कारण हौद्याचा बराचसा भाग मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळत असतो आणि लोक जड वस्तू नेमकी तिथेच मागच्या फळक्याला टेकवून ठेवतात. अशी गाडी फुकट मिळाली तरी मी घेणार नाही. त्यापेक्षा क्लच गेलेली गाडी बरी, क्लच बदलता येतो. आणि एवढं बघून झालं की मग त्या दोन लाखवाल्याला विचारा, विकतोस का.

प्रश्न : टायमिंग चेनवालं इंजिन घेतलं की आयुष्यभर बघायला नको, बेल्टवालं घेऊ नका असा सल्ला सगळीकडून मिळतोय. बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे. इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवायचं काम ही चेन किंवा बेल्ट करतो. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा असतो, खर्च आधीच माहीत असतो, विसरलात तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात आणि मग सगळंच काम निघतं. चेनला तशी तारीख नसते म्हणून लोक तिला अमर समजतात. पण चेन ज्या पट्ट्यांवरून सरकते त्या बहुतेक प्लॅस्टिकच्या असतात आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणजे ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा लेव्हल कमी ठेवली की पहिला मार त्यालाच.

उदाहरण द्यायचं तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोर्ड रेंजरचं घ्या. तिच्यात २००१ पासून चार लिटरचं सिंगल ओव्हरहेड कॅम व्ही-६ (सहा सिलिंडरचं) इंजिन आलं, ताकद छान, पण त्याची एक चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. तिच्या पट्ट्या तुटल्या की पार्ट स्वस्त आणि मजुरी भयंकर, कारण त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. त्याच रेंजरमध्ये लहान चार सिलिंडरचं इंजिनही मिळायचं, ताकदीला मवाळ पण त्याचे मालक सहसा तक्रार करत नाहीत. म्हणजे एकाच गाडीत दोन वेगळी नशिबं. उलट टोयोटा टॅकोमाचं जुनं ३.४ लिटरचं व्ही-६ बेल्टवालं होतं, २००५ च्या मॉडेलपासून आलेलं चार लिटरचं चेनवालं, पण त्या जुन्या बेल्टवाल्याचं नाव अजून आदराने घेतात.

तेव्हा चेन की बेल्ट यावर गाडी ठरवू नका. इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू करायला सांगा. सुरुवातीला दोन सेकंद हलकी खडखड येऊन थांबली तर ठीक, चालूच राहिली तर निघा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने इंजिन तापवून ठेवलं असेल तर माझ्या मते तेही उत्तरच आहे.

प्रश्न : इंजिनला तोड नाही म्हणून ज्या ब्रँडचं नाव आहे त्याचीच जुनी पिकअप बघितली, वरून चकाचक, पण मेकॅनिक म्हणाला चासी गंजलीय, सोडून द्या. इंजिन एवढं चांगलं असताना सोडायची?

सोडा. मेकॅनिकला चहा पाजा.

नावाजलेल्या गाडीला असं होत नाही हा भ्रम आधी डोक्यातून काढा. आत्ताच ज्या टॅकोमाचं कौतुक केलं तिच्याच २००५ ते २०१० च्या गाड्यांच्या चासी गंजल्या म्हणून अमेरिकेत सामूहिक दावा झाला, २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली आणि त्यात टुंड्रा आणि सेक्वोया धरून जवळपास १५ लाख गाड्या होत्या. चासी तपासून द्यायची आणि भोकं पडण्याइतकी गंजली असेल तर अख्खी बदलून द्यायची असं ठरलं. या गाड्यांची इंजिनं उत्तम चालत होती हे लक्षात घ्या, खालचा सांगाडाच सडत होता.

चासी आतून पोकळ असते, चिखल आणि मीठ आत जाऊन बसतं, पाणी जायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे बाहेरून रंग शाबूत दिसू शकतो. बर्फ वितळवायला मीठ टाकतात अशा रस्त्यावर किंवा समुद्राकाठी चाललेल्या गाडीला हे जास्त. लहान हातोडीने टकटक करत जा, घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी बद्द आवाज येतो. पाटे जिथे चासीला लटकवलेले असतात तिथे आणि मागच्या चाकाच्या वर खास बघा. आणि जुन्या गाडीच्या खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर विचारा की कशासाठी मारला, काळजीपोटीही मारतात, झाकायलाही मारतात.

याच्याच जवळची अजून एक गोष्ट. निसान फ्रंटियरच्या २००५ ते २०१० च्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये रेडिएटरच्या आतच गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायची नळी होती, ती आतून फुटली की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गिअरबॉक्समध्ये. रेडिएटर म्हटलं तर किरकोळ पार्ट, पण त्याने अख्खा गिअरबॉक्स खाल्ला. कंपनीने पुढे रेडिएटरची वॉरंटी वाढवली. इंजिन आणि बाकी गाडी दणकट म्हणून मालक आजही खूश आहेत, पण खूश असलेल्यातल्या बऱ्याच जणांनी रेडिएटर आधीच बदलला किंवा गिअरबॉक्सला वेगळा कूलर लावला. म्हणून जुनी गाडी घेताना 'रिलायबल आहे का' असं विचारू नका, 'या गाडीचं दुखणं कुठलं आणि ते तुम्ही काढलंत का' असं विचारा. ज्याला गाडी माहीत आहे तो लगेच सांगतो.

प्रश्न : मुलांना शाळेत सोडणं, भाजी, ऑफिस, सगळं पाच-सात किलोमीटरच्या आत. डिझेल पिकअप घेऊ ना?

नका घेऊ. हल्लीच्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो भरला की गाडी स्वतःच तो तापवून, सहाशे अंशांच्या आसपास, काजळी जाळते. त्यासाठी गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने चालायला लागते. तुमच्या फेऱ्यांत ती वेळच येत नाही, जाळणं अर्ध्यात तुटतं, काजळी जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची लेव्हल चक्क वाढते. लेव्हल वाढली म्हणून खूश होणारे लोक बघितलेत. पेट्रोल किंवा हायब्रिड बघा. आठवड्यातून एकदा तरी हायवेला लांबची चक्कर होणार असेल तरच डिझेलचा विचार करा.

प्रश्न : आमच्या घरात भांडण आहे. माझं म्हणणं छोटी पिकअप घ्यावी, सगळ्याला उपयोगी. मिसेस म्हणतात साधी कार घ्या आणि सामान न्यायचं असेल तेव्हा टेम्पो भाड्याने आणा. किमतीच्या मानाने पिकअप परवडते का?

वहिनींचं म्हणणं उडवून लावू नका. गेल्या वर्षात हौदा लागलाच असता असे प्रसंग कागदावर लिहा, 'उपयोगी पडला असता' असले नाही, 'त्याशिवाय अडलंच' असले. यादी हाताच्या बोटांवर संपत असेल तर त्या जिंकल्या. कारण हौद्याची किंमत रोज मोजावी लागते, रिकामी असताना पाटे आदळतात, पार्किंगला लांबी नडते, अॅव्हरेज कमी मिळतं, पावसात सामान भिजतं, मागच्या सीटची पाठ बऱ्याच गाड्यांत इतकी सरळ असते की लांबच्या प्रवासात म्हातारी माणसं कुरकुरतात.

मधला मार्ग म्हणजे कारच्या सांगाड्यावर बांधलेल्या पिकअप, चासी वेगळी नसलेल्या. २०२२ च्या मॉडेलपासून आलेली फोर्ड मॅव्हरिक तशी आहे, अडीच लिटरचं हायब्रिड इंजिन, सुमारे ६८० किलो माल, मागे ट्रेलर ओढायची ताकद साध्या हायब्रिडला सुमारे ९०० किलो. ब्राझीलमध्ये फियाट स्ट्राडा ही तशीच लहान पिकअप २०२१ पासून सगळ्या गाड्यांत सर्वात जास्त विकली गेलेली गाडी होती, कारच्याही वर. ज्यांना शनिवार-रविवारी कपाट, सायकली, झाडांची माती असलं न्यायचंय त्यांना हे पुष्कळ झालं. रोज टनाने माल आणि खराब रस्ता असेल तर मात्र चासीवालीच घ्या.

आणि परवडण्याचं म्हणाल तर घेतलेली किंमत, त्यात दुरुस्तीचा खर्च मिळवा, विकताना येतील ते पैसे वजा करा आणि जितकी वर्षं ठेवणार तितक्याने भागा. पिकअपची रीसेल चांगली असते हे खरं, धंदेवाल्यांची मागणी असते. पण नावाजलेल्या मॉडेलची जुनी गाडी कधीकधी एवढी महाग असते की ती पुढे देणार असलेल्या सेवेचे पैसे तुम्ही आजच आधीच्या मालकाला देऊन बसता. तशा वेळी कमी गाजलेली, सर्व्हिसचं रेकॉर्ड असलेली, एकाच हातातली गाडी मला जास्त पटते, किंवा फरक थोडाच असेल तर सरळ नवी.

प्रश्न : नवीन पिकअप घेतली, रिकामी असताना मागून फार उडते. शोरूमवाले म्हणतात असंच असतं. खरंच असंच असतं?

बरंचसं असंच असतं, मागचे पाटे भार पेलायला बनवलेले आहेत, रिकाम्या हौद्याला ते जुमानत नाहीत. पण आधी टायरची हवा बघा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर बऱ्याच पिकअपना मागच्या टायरसाठी दोन आकडे दिलेले असतात, रिकामी आणि भरलेली. शोरूममधून किंवा पंपावरून भरलेल्याचा आकडा मारून पाठवतात आणि आपण वर्षभर उडत फिरतो. वाळूच्या गोण्या टाकून फिरायचा सल्ला कोणी दिला तर त्या बांधल्याशिवाय टाकू नका, जोरात ब्रेक लागला की सरकून थेट केबिनच्या मागच्या काचेपर्यंत येतात.

आणि हवा बघायला वाकलातच तर हौद्याखालची स्टेपनीही एकदा खाली उतरवून बघा. ती ज्या वायरवर लटकते ती गंजून जाम होते, आणि हे पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. दर सर्व्हिसिंगला खाली-वर करून थोडं ग्रीस लावायला सांगा, कोणी आपणहून करत नाही.