स्फोट विझल्यावरचे भडके

प्रश्न : गॅमा किरणांचा स्फोट काही सेकंदांत संपतो. मग त्याच जागी कित्येक मिनिटांनी क्ष-किरणांचे भडके का दिसतात? नुकताच जन्मलेला न्यूट्रॉन तारा पदार्थ ओढून घेतो म्हणून, असं वाचलं. ते कसं?

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं ‘कित्येक मिनिटांनी’ हेच कळीचं आहे. २ मे २००५ चा स्फोट घ्या. गॅमा किरण साधारण १७ सेकंदांत आटोपले. स्विफ्ट उपग्रहाची दुर्बीण मागे उरलेली क्ष-किरणांची प्रभा टिपत होती, आणि दहाएक मिनिटांनी ती सुमारे ५०० पटींनी उजळली. त्या एका भडक्यात मूळ स्फोटाच्या तोडीची ऊर्जा होती!

स्फोटातून सुटलेला पदार्थाचा झोत भोवतालच्या वायूवर आदळून जी प्रभा निर्माण होते ती सावकाश ओसरते. भडका झपाट्याने चढतो, झपाट्याने उतरतो, आणि खालची प्रभा पूर्वीच्याच उतारावर चालू राहते. म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात की केंद्रातलं इंजिन, म्हणजे स्फोटाला ऊर्जा पुरवणारी वस्तू, पुन्हा पेटलेलं असतं.

हे इंजिन मॅग्नेटार, म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिदाट गाभा) असेल, तर त्याचं चुंबकीय क्षेत्र एकावर १५ शून्ये इतक्या गाउसचं (चुंबकीय क्षेत्राचं एकक) असू शकतं आणि सेकंदाला हजारेक फेऱ्या होत असतात. ज्या मरणाऱ्या ताऱ्यातून मॅग्नेटार जन्मतो, त्याचा सगळा पदार्थ काही कायमचा सुटून जात नाही. थोडा परत फिरतो आणि या नव्या न्यूट्रॉन ताऱ्याभोवती तबकडी बनवतो. आता दोन अंतरं महत्त्वाची. एक, चुंबकीय क्षेत्र तबकडीला जिथे थोपवतं ते. दुसरं, जिथे तबकडीचा पदार्थ ताऱ्याइतक्याच वेगाने फिरतो ते; एक मिलिसेकंदाच्या फेरीला हे केंद्रापासून जेमतेम १७ किलोमीटर भरतं. पदार्थाचा ओघ जोरदार असेल तर तो क्षेत्राला आत रेटतो आणि ताऱ्यावर कोसळतो. या कोसळण्यातून वस्तुमानाच्या दहा टक्क्यांहून अधिक ऊर्जा सुटते; हायड्रोजनच्या संमीलनातून एक टक्काही सुटत नाही. ओघ मंदावला की क्षेत्र बाहेर सरकतं, ताऱ्यापेक्षा सावकाश फिरणाऱ्या पदार्थाला गाठतं आणि गोफणीतल्या दगडासारखं भिरकावून देतं. यालाच प्रॉपेलर अवस्था म्हणतात. त्यात ताऱ्याच्याच फिरण्याची ऊर्जा खर्ची पडते.

भडका नेमका कोसळण्यातून की भिरकावण्यातून, यावर दोन्ही प्रकारची प्रारूपं मांडली गेली आहेत. मला भिरकावण्याची कल्पना अधिक पटते, कारण ताऱ्याच्या फिरण्यात ऊर्जेचा प्रचंड साठा असतो.

कृष्णविवरावर तुकड्यातुकड्याने पडणारा पदार्थही भडके देऊ शकतो, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून इंजिन मॅग्नेटारच आहे हे ठरवताना केवळ भडक्यांवर विसंबू नये. २००७ च्या जानेवारीतल्या एका स्फोटात क्ष-किरणांची तीव्रता काही तास जवळजवळ स्थिर राहिली आणि मग एकदम कोसळली. फिरणं मंदावत चाललेला मॅग्नेटार अखेर स्वतःच कोसळून कृष्णविवर झाला, तर आलेख असाच दिसेल.