एल निनो आला म्हणजे पाऊस हुकणारच का?

प्रश्न : १९९७ साली मोठा एल निनो असूनही देशात सरासरीइतका पाऊस झाला, मग २००२ साली तो का हुकला?
– एक वाचक, लातूर

उत्तर : एरवी प्रशांत महासागरावरील व्यापारी वारे विषुववृत्तालगतचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात आणि पेरूच्या किनाऱ्याशी खोलातले थंड पाणी वर येते, ज्यातील पोषक द्रव्यांवर तिथल्या अँचोव्ही माशांचे थवे पोसतात. हे वारे मंदावले की ऊब पूर्वेकडे सरकते (हाच एल निनो) व तिच्यामागोमाग पाऊसही जातो; म्हणूनच १९९७-९८ मध्ये पेरूच्या कोरड्या किनारपट्टीवर पूर आले आणि इंडोनेशियातील जंगले वणव्यांनी धुमसत राहिली. अशा वेळी आपल्याकडचा मोसमी पाऊस बहुधा दबतो. बहुधा हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि केवळ एल निनोच्या बातमीवरून पेरणीचे बेत बदलू नयेत, असे मी शेतकरी वाचकांना आवर्जून सांगेन. १९९७ मध्ये हिंदी महासागराची आफ्रिकेकडील बाजू तापलेली आणि सुमात्राकडील बाजू थंड होती. या स्थितीने एल निनोचा फटका सौम्य केला, असे अनेक हवामानशास्त्रज्ञ मानतात. २००२ मध्ये तसा आधार मिळाला नाही. एल निनो मध्यम ताकदीचाच होता, तरीही जुलैत देशभरात सरासरीच्या सुमारे निम्माच पाऊस पडला आणि हंगामाअखेर तूट १९ टक्क्यांच्या आसपास राहिली.