विटा घासायच्या आधी

वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस. तू लिहिलंयस की नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही मॅसॅच्युसेट्सला, वुस्टरजवळ येताय. जे घर बघितलंय त्यात विटांची फायरप्लेस आहे, ती साफ कशी करायची, सांभाळायची कशी? मुलीच्या शाळेचं कसं? एकटं वाटतं का? आणि शेवटी एक ओळ, "माझं काय ते तिथे गेल्यावर बघू." तुझं लिहिणं मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओळीशी अडखळले. असो. आधी विटा.

वर्षातून एकदा चिमणी तपासून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, हे सगळं सरकारी पानांवर आहे, तिथे वाच. राखेचं तेवढं मी सांगते. पहिल्याच थंडीत रात्रीची राख मी सकाळी काढली, वरून हात लावून पाहिला, गार होती. किराणा आणलेल्या कागदी पिशवीत भरून मागच्या लाकडी डेकवर ठेवली. संध्याकाळपर्यंत पिशवी गेली होती आणि फळीला ताटाएवढं काळं भोक पडलं होतं. गडहिंग्लजला माझी आजी रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी त्याच राखेतून फुंकणीनं विस्तव जागा करायची. आगीतून फुफाट्यात असं आपण बोलताना म्हणतो, पण फुफाटा म्हणजे काय ते मी केमिस्ट्रीची एमएस्सी करून विसरले. राखेतला निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहतो. झाकणाची पत्र्याची बादली घे, ती घरापासून लांब, दगडावर किंवा मातीवर ठेव.

आता विटा. आतल्या, जाळाच्या बाजूच्या विटा काळ्याच राहणार, त्यांच्या मागे लागू नकोस. बाहेरच्या दर्शनी विटांवर काजळी चढते, ती आधी कोरड्या ब्रशनं झाडायची. मग साध्या पाण्यानं विटा चिंब भिजवायच्या. ही पायरी लोक गाळतात. कोरडी वीट पाणी पिते, म्हणजे काजळीचं पाणीही पिते, आणि डाग आत मुरतो. नंतर गॅलनभर कोमट पाण्यात अर्धा कप टीएसपी, म्हणजे ट्रायसोडियम फॉस्फेट (हार्डवेअरच्या दुकानात मिळतं), रबरी हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि नायलॉनचा ब्रश. तारेचा नको, जुन्या विटेचा पापुद्राच निघतो. पांढरी पूड दिसली तर तो आपला लोणाच. तो घासून जातो आणि परत येतो, कारण वरून कुठून तरी पाणी मुरत असतं. तेव्हा वीट सोड आणि चिमणीचं टोपण बघ. आतला सांधा उखडला तर साधं सिमेंट भरू नकोस, भट्टीचा मसाला वेगळा मिळतो.

मला हे इतकं बारीक कसं माहीत? कारण २००८ ते २०१५ मी त्या विटा दर महिन्याला घासल्या. वर्षातून एकदा पुरतं. मी एच-४ व्हिसावर होते, म्हणजे एच-१बी वर नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. नोकरीची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी क्रमांक, तोही नाही. कोल्हापुरात अकरावी-बारावीला शिकवत होते आणि इथे दुपारी दोन वाजता विटांच्या सांध्यांतून टूथब्रश फिरवत होते. नवरा म्हणायचा, किती छान ठेवलंयस. मला ते ऐकवत नसे.

घराचं कर्ज त्याच्या पगारावर, म्हणून विम्याचे कागदही त्याच्याच नावावर. विमा कंपनीला चिमणीचा अहवाल हवा होता. चिमणीवाला माझ्यासमोर आला, कॅमेरा आत सोडला, क्रिओसोटचा थर मला दाखवला. ओलसर लाकडाच्या धुरातून तो डांबरासारखा धरतो, एक अष्टमांश इंच झाला की सफाई लागतेच, नाहीतर चिमणीच पेटते. मला सगळं समजलं. पण फोनवरच्या बाईंनी दोन वाक्यांनंतर सांगितलं, पॉलिसीधारकाला फोन द्या. तो ऑफिसात. तीन आठवडे हेच चाललं. तुझं नाव पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर घालून घे.

लाकूड वाळलेलंच घे, ओलावा वीस टक्क्यांच्या खाली. ओकला दोन उन्हाळे लागतात. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की टणटण वाजले पाहिजेत, ओलं लाकूड बदबद करतं. चिमणीवाल्याची वेळ उन्हाळ्यातच ठरवून ठेव, थंडी सुरू झाली की मिळत नाही. मात्र सफाई पाकोळ्या गेल्यावर. त्या उन्हाळ्यात चिमणीत घरटं करतात, आणि पिल्लं असताना ते काढणं कायद्यानं गुन्हा आहे.

ही फायरप्लेस घर तापवते असं समजू नकोस, बरीचशी ऊब वरच निघून जाते. तरी डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात आमची वीज पाच दिवस गेली, तेव्हा आम्ही तिघं तिच्यासमोरच झोपलो. आजीसारखा पातेल्याच्या बुडाला बाहेरून राखेचा लेप दिला आणि निखाऱ्यांवर चहा केला. मुलगी सात वर्षांची, ते लेपाचं बघून हरखली. पाच दिवस ती अखंड मराठीत बोलत होती.

हे सांगते, कारण त्या सप्टेंबरपासून ती बोलेनाशी झाली होती. शाळेच्या फॉर्मवर प्रश्न असतो, घरी कुठली भाषा बोलता? मी अभिमानानं मराठी लिहिलं. तिची चाचणी घेतली, ती नव्या वर्गात गप्प बसली आणि तिला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या तासाला बसवलं. कोल्हापुरात ती इंग्रजी माध्यमात होती, गोष्टींची पुस्तकं घडाघडा वाचायची. रोज वर्गातून उठवून न्यायचे. बाहेर काढायला वर्ष गेलं. त्या वर्षात मीच तिला म्हणत होते, घरीपण इंग्रजीच बोल. धाकट्याच्या वेळी त्या रकान्यात मी सरळ इंग्लिश लिहिलं. खोटं. त्याला कुठल्याच तासाला बसवलं नाही. तो आता आजोबांना फोनवर "हॅलो, कसे आहात" म्हणतो आणि फोन माझ्याकडे देतो. तू काय लिहावंस हे मला विचारू नकोस. चाचणीच्या दिवशी तुझ्या मुलीला बोलायला सांग, एवढंच.

एकटं वाटतं का? वाटतं. फेब्रुवारीत जास्त. पुढे.

आल्यावर बघू म्हणू नकोस. तुझा व्हिसा एच-४ आहे की एल-२ (कंपनीनंच इथे बदली केलेल्याच्या जोडीदाराचा), हे आजच बघ. एल-२ असेल तर २०२१ च्या अखेरीपासून जोडीदाराला नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही. एच-४ वाल्यांना मे २०१५ पासून काही अटींवर परवाना मिळतो, मुख्यतः नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम पुढे सरकलं असेल तर. आम्हाला तो मिळाला तेव्हा माझ्याकडे डिग्री होती, पण विद्यापीठानं सीलबंद लखोट्यात दिलेली ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांची अधिकृत प्रत, नव्हती, आणि इथे पदवीची तुलना करणारे ती मागतात. भावानं रजा काढून चार खेपा घातल्या, खिडकीवरचा माणूस म्हणायचा, विद्यार्थिनीनं स्वतः यावं. आठ महिने गेले.

तेव्हा निघण्याआधी विद्यापीठात जा आणि लखोटे घे. तीन-चार घे, उघडू नकोस, हातातल्या बॅगेत ठेव. ब्रश इथे मिळतो.