होज निसटली, गिअरबॉक्स जळाला : गाडी अडवून ठेवण्याचा गॅरेजला अधिकार आहे का?

प्रश्न : माझी 2009 सालची ऑटोमॅटिक गाडी पहिली काही वर्षे रत्नागिरीत होती. गिअरबॉक्सचे ऑइल रेडिएटरमधल्या कूलरकडे नेणारे लोखंडी पाइप गंजून गळू लागले, म्हणून नागपुरातल्या एका गॅरेजने गंजका भाग कापून तिथे रबरी होज बसवली. त्याचे 4,800 रुपये मी दिले. काही दिवसांनी अमरावती रस्त्यावर होज निसटली, ऑइल सांडले आणि गाडी जागची हलेना. टो करून त्याच गॅरेजमध्ये नेली, तर त्यांनी न विचारता गिअरबॉक्स खोलला. गाडी जुनी असल्याने दोष आमचा नाही, असे ते म्हणतात, आणि खोलण्याचे 14,000 रुपये व रोजचे पार्किंग भाडे दिल्याशिवाय गाडी सोडायला तयार नाहीत. मी काय करावे?

उत्तर : आपली बाजू चांगली आहे, परंतु तिचा सगळा भार एका लहानशा पुराव्यावर आहे आणि तो पुरावा आज समोरच्या पक्षाच्या ताब्यात आहे. म्हणून पैशांच्या वादाआधी त्याचे पाहू.

लोखंडी पाइपवर रबरी होज चढवणे ही मुळात चुकीची दुरुस्ती नव्हे. मात्र पाइपचे कापलेले टोक फुगवून त्याला कड काढावी लागते, म्हणजे क्लॅम्प (होज आवळून धरणारी पट्टी) त्या कडेमागे अडकतो. टोक गुळगुळीत ठेवले, तर क्लॅम्प कितीही आवळला तरी गरम ऑइलच्या दाबाने होज हळूहळू सरकते. शिवाय होज गिअर ऑइल सोसणारी असावी लागते, कारण रेडिएटरच्या पाण्यासाठीची साधी होज तेलात फुगून मऊ पडते. त्यामुळे आपल्या गाडीखालचे ते पाइपचे टोक, तो क्लॅम्प आणि होजवरचा छापील मजकूर हेच आपले खरे साक्षीदार आहेत. उद्याच गॅरेजला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून हे सुटे भाग आणि गिअरबॉक्समधून काढलेल्या क्लच प्लेटा जशाच्या तशा जपून ठेवण्यास सांगावे, तसेच परवानाधारक मोटार सर्व्हेअरकडून तपासणीसाठी दिवस मागावा. तपासणी नाकारली गेली, तर तो नकारही पुढे ग्राहक आयोगासमोर आपल्या उपयोगी पडेल.

आता गाडी अडवून ठेवण्याविषयी. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 नुसार, सोपवलेल्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. हा हक्क त्या कामापुरताच असतो. पहिल्या दुरुस्तीचे पैसे आपण चुकते केले आहेत, आणि दुसरे काम आपण सांगितलेलेच नाही. टो करून नेल्यावर ‘काय झाले ते बघा’ असे आपण तोंडी म्हणाला असाल, तर प्राथमिक तपासणीपुरती संमती त्यातून निघू शकेल. संपूर्ण गिअरबॉक्स उकलण्याची संमती मात्र त्यातून निघत नाही. पार्किंग भाड्याची मागणी तर याहूनही कमकुवत आहे, कारण स्वतःच्या हक्कासाठी वस्तू अडवून ठेवणाऱ्याला तसे ठरलेले नसताना त्याचे भाडे मागता येत नाही. तरीही गाडी तातडीने हवी असेल, तर ‘हरकत राखून’ असे लेखी कळवून यूपीआय किंवा धनादेशाने रक्कम द्यावी आणि ती नंतर परत मागावी. रोखीने देऊ नये. पोलीस ठाण्यात गेल्यास हा दिवाणी वाद असल्याचेच बहुधा ऐकावे लागेल.

गॅरेजला लेखी नोटीस देऊनही काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली सेवेतील त्रुटीची तक्रार नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे करावी. गॅरेजला दिलेल्या मोबदल्याची रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही, आणि होज निसटल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. तक्रारीसोबतच गाडी परत मिळण्यासाठी कलम 38 खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्यावा. गाडी टॅक्सी म्हणून चालत असल्यास मला आधी कळवावे, कारण व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा ग्राहक तक्रारीत बसत नाही. पोटापुरता स्वयंरोजगार असेल तर हरकत नाही, पण तसे तक्रारीत स्पष्ट लिहावे लागते.

‘गाडी जुनी आहे’ हा बचाव आपली तक्रार पाडू शकत नाही, कारण जुनी गाडी हाती घेणाऱ्यानेही त्या कामाला लागणारे वाजवी कौशल्य दाखवलेच पाहिजे. भरपाईची रक्कम मात्र तो कमी करू शकतो. म्हणून नव्या गिअरबॉक्सची पूर्ण किंमत मागू नये. वापरलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या गिअरबॉक्सचे लेखी अंदाजपत्रक घेऊन तेवढीच रक्कम, 4,800 रुपये, टोचा खर्च आणि मनस्तापाची माफक भरपाई मागावी. ऑइल सांडताना दिसूनही आपण गाडी पुढे रेटली होती का, हा प्रश्न हमखास विचारला जाईल. त्याचे खरे उत्तर मला भेटण्यापूर्वी लिहून ठेवावे. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची प्रत, 4,800 रुपयांचे बिल आणि जॉब कार्ड (करायच्या कामाची गॅरेजने दिलेली लेखी नोंद) सोबत आणावे. जॉब कार्ड मिळालेच नसेल, तर होज बसवण्याविषयी झालेले व्हॉट्सॲप संदेश पुसू नयेत.