लोटे सोडून आयर्लंडला निघालेल्या मुलीस

तू विचारलंस, एमएस्सी बायोटेक झालंय, सध्या लोटे एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायला आहेस, आयर्लंडला मास्टर्स केलं तर पुढे नोकरी लागेल का? व्हिसा, फी, बँकेत किती दाखवायचे हे सरकारी साइटवर आहे, ते तिथेच वाच.

इथल्या, आयर्लंडमधल्या औषध कंपन्या पूर्वी बहुतेक केमिकलवाल्याच, आपल्या लोट्यासारख्या. मग जिवंत पेशींत तयार होणारी औषधं आली, बायोलॉजिक्स, आणि ती बनवणारी माणसं हवी तेवढी मिळेनात. त्यातून डब्लिनला निबर्ट उभी राहिली, ही औषधं बनवायला शिकवणारी संस्था. सरकारचा पैसा, कंपन्यांची गरज आणि यूसीडी, ट्रिनिटी, डीसीयू ही डब्लिनची विद्यापीठं, स्लायगोची तंत्रज्ञान संस्था असे भागीदार. २०११ पासून तिची स्वतःची इमारत आहे. आत छोटा प्लांटच आहे, पेशी वाढवायच्या टाकीपासून, म्हणजे बायोरिअॅक्टरपासून, निर्जंतुक भरणीपर्यंत. विकायचं औषध तिथे बनत नाही, त्यामुळे बॅच फुकट गेली तरी कोणी मेमो काढत नाही.

मी तिथे पहिल्यांदा क्लीनरूमचे कपडे चढवले. सूट घालताना बाही जमिनीला टेकली, बाईंनी सगळं उतरवून परत पहिल्यापासून घालायला लावलं. मग हातमोज्यांची बोटं अगार प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीवर टेकवायची आणि काही दिवसांनी तिथे काय उगवलंय ते सगळ्यांदेखत बघायचं. आपल्याकडे एमएस्सीला हे मी फळ्यावर शिकले होते. लोट्याहून परशुराम घाट उतरला की चिपळूण, कॉलेज तिथे, कंपन्या वर, आणि आमची इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे गेटवर फोटो नि परतताना वडापाव. याचा राग अजून गेलेला नाही.

इथे स्प्रिंगबोर्डचे सरकारी खर्चाचे कोर्सही आहेत, पण विद्यार्थी व्हिसावर ते मिळत नाहीत, कोणी आशा दाखवली तर भुलू नकोस. विद्यापीठाला विचार, प्लांटमध्ये प्रत्यक्ष किती काम? प्लेसमेंट तुम्ही देता की आम्ही शोधायची? ‘मार्गदर्शन करू’ असं उत्तर आलं तर समजून जा. मास्टर्सनंतर नोकरीसाठी दोन वर्षं राहता येतं, पण ती फार पटकन सरतात.

आता अनुभवपत्र. माझ्या जुन्या कंपनीने लिहून दिलं, ‘केमिस्ट म्हणून काम केले, वर्तणूक समाधानकारक.’ एचपीएलसी या तपासणी यंत्रावर काम केल्याचं नाही, डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडलं त्याची चौकशी, तीही नाही, ऑडिट नाही. सुधारून मागितलं तर एचआर म्हणे, आमचा फॉरमॅट हाच. इथल्या मुलाखतीत प्रत्येक वेळी तोंडी पटवून द्यावं लागलं.

माझ्या मुलीचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. माझं कामाचं परमिट होईपर्यंत ती चिपळूणला आजीकडे होती. इथे शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, तर गणिताच्या तासाला तिला उठवून इंग्रजी शिकवायला न्यायचे. इंग्रजी तिला उत्तम येत होतं! मी दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा चहा मिळाला. वर आयरिश सक्तीची, कारण बाहेरून येणाऱ्यांना सूट मिळते ती बारा वर्षं पूर्ण असतील तर. ती आता आयरिशमध्ये वर्गात पुढे आहे. गणित नावडतं झालं ते झालंच.

एकटेपणा असतो. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. गणपतीत मी फोन बंद ठेवते. पुढचं बोल.

लोट्यात असं शिकायला मिळालं असतं तर मी आले असते का? नवरा म्हणतो, तरीही आली असतीस, पगार बघून. मला ते आवडत नाही, पण खोटं आहे असंही म्हणवत नाही. कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत, मी काम करते त्या प्लांटमध्ये नाईट शिफ्ट असली की हा हिशेब मांडायला भरपूर वेळ असतो.

तू राजीनामा द्यायच्या आधी अनुभवपत्राचा मसुदा स्वतः लिही, कोणती उपकरणं हाताळलीस ते नावानिशी. एचआरकडे नेण्याआधी क्यूए, म्हणजे गुणवत्ता हमी विभागाच्या मॅनेजरची सही घे. मसुदा मला पाठव, रविवारी बघून देते.